गाईडमधली आई आणि घरातली अम्मी

मागच्या वर्षी नववीच्या वर्गाला आम्ही निबंध दिला, ‘माझी आई’. अडतीस वह्या जमा झाल्या. संध्याकाळी तपासायला बसलो तर सव्वीस वह्यांमध्ये आई पहाटे उठत होती, अंगणात सडा टाकत होती, रांगोळी काढत होती आणि तुळशीला पाणी घालत होती. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं-मुली मुस्लिम घरातली. दुसऱ्या दिवशी एका मुलीला विचारलं, “बेटा, तुझी अम्मी रांगोळी काढते का?” ती हसली. म्हणाली, “नहीं सर, गाईडमें वैसाच है ना. अपने मन से लिखे तो मार्कां कटते.”

या मुलीची अम्मी पहाटे उठते हे मात्र खरं होतं. मुदखेडच्या आसपास फुलांची शेती आहे, हे आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. उन्हं वर यायच्या आत मोगरा तोडावा लागतो, कारण कळी उमलली की भाव पडतो. ती बाई अंधारात मळ्यात जाते, आठ वाजता परत येते आणि मग चूल पेटवते. मुलगीही सुट्टीच्या दिवशी सोबत जाते. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरचं, पण निबंधात एक कळीसुद्धा आली नव्हती.

आम्हाला राग आला तो मुलीचा नाही. “मार्कां कटते” हे तिला कुणी शिकवलं? आमच्यासारख्यांनीच. काही वर्षांपूर्वी ‘पाऊस’ या विषयावर एका मुलानं लिहिलं होतं की पाऊस आला की अब्बू रात्रीतून तीन वेळा चारपाई सरकवतात, कारण पत्रा तीन ठिकाणी गळतो. आम्ही ‘अब्बू’ आणि ‘चारपाई’ या शब्दांखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘विषय सोडून लिहिले आहे.’ बी.एड. झालेल्या माणसाच्या हातून झालेली ही चूक आहे आणि ती आजही टोचते. पावसावरचं त्याच्याइतकं खरं वाक्य त्यानंतर आमच्या हाती लागलेलं नाही. त्या मुलानं पुढे गाईडमधला पाऊस लिहायला सुरुवात केली. इंद्रधनुष्य, मोर, सगळं व्यवस्थित.

कला आणि अभिव्यक्ती म्हटलं की आपल्याकडे लोकांना स्टेज आठवतं. गॅदरिंग, मुशायरा, फार तर भिंतीवरचं चित्र. ‘ते शौकिनांचं काम, आपल्याला पोट आहे’ असं म्हणून विषय संपतो. पण आपलं जगणं आपल्या शब्दांत मांडता येणं ही चैन नाही. आपण मांडलं नाही तर ती जागा रिकामी राहत नाही, दुसरं कुणीतरी ती भरतं. टीव्हीवर आणि सिनेमात आपलं घर कसं दिसतं, ते वाचकांनी आठवून बघावं. एक तर बिर्याणी आणि शेरवानी, नाही तर पोलिसांची गाडी. फुलं तोडणारी अम्मी त्यात कुठेच नसते. कारण तिच्याबद्दल सांगू शकणारी मुलगी गाईड पाठ करते आहे.

आपल्या मुलांची अडचण भाषेपासून सुरू होते. घरात दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, बाजारात मराठी, मोबाइलवर हिंदी. चार भाषा कानावर पडतात, पण ज्या भाषेत मूल रडतं, भांडतं, स्वप्न बघतं ती दखनी कुठल्याच वहीत चालत नाही. उर्दूचे मास्तर म्हणतात ही बिघडलेली उर्दू, मराठीचे म्हणतात ही हिंदी. ‘नक्को’, ‘हौ’, ‘कायकू’ म्हटलं की नातेवाईक हसतात. मुलं काय करणार? गप्प बसतात.

म्हणून ही ‘बिघडलेली’ भाषा आहे तरी काय, ते एकदा नीट समजून घेऊ. उत्तरेतून दख्खनमध्ये आलेल्या लोकांची बोली इथल्या मराठी, तेलुगू, कन्नडच्या शेजारात वाढली, तीच दखनी. ‘नक्को’ हे मराठी ‘नको’च आहे. ‘वैसाच’, ‘मैंच’ यातला ‘च’ सरळ मराठीतून आलेला. म्हणजे आपल्या घरातल्या बोलण्यात रोज मराठी बोलली जाते, आपल्या लक्षात येत नाही एवढंच.

आणि ही बोली फक्त चुलीजवळची नव्हती. हैदराबाद वसवणाऱ्या मुहम्मद कुली कुतुबशहानं (१५६५–१६१२) दखनीत ईद, बसंत आणि पावसावर कविता केल्या. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ दखनीतच रचला. वली दखनी हे नाव तर आपल्या औरंगाबादशी जोडलेलं. सन १७०० मध्ये ते दिल्लीला गेले. तिथले मोठमोठे कवी तेव्हा फारसीत लिहीत होते, बोलीभाषेत गझल म्हणजे कमीपणा मानत होते. वलींच्या कवितेनं त्यांना धीर दिला आणि पुढे दिल्लीत उर्दू शायरी बहरली. आज ज्या शुद्ध उर्दूपुढे आपण आपल्या बोलण्याला लाजतो, तिच्या शायरीला दिल्लीत वाट करून दिली ती दखनीनं! अहमदाबादेतली वलींची मजार २००२ च्या दंगलीत पाडून तिच्यावर रस्ता केला गेला. दगडाची मजार गेली, पण दीवान आजही वाचला जातो.

बायकांचा वाटा तर यात आणखी जुना आणि आणखी विसरलेला. विजापूरच्या परिसरातल्या सूफींनी ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ नावाची गीतं दखनीत रचली. दळताना, सूत कातताना बायकांनी म्हणायची. जात्याचा खुंटा, फिरणारा पाट, पडणारं पीठ यांच्यातून अल्लाहची आठवण शिकवणारी ही गीतं. मराठी घरात जात्यावरची ओवी होती, आपल्या घरात चक्कीनामा होता आणि दोन्ही घरांची भिंत एकच होती. मराठी ओव्या मात्र लोकांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. आपल्या नानी-दादीकडे जे होतं ते कुणी लिहून घेतलं? आमच्या स्वतःच्या दादीला पाळण्यावर म्हणायची दहा-बारा गाणी यायची. आम्हाला आता दीड आठवतं.

काही वाचक म्हणतील, मग मराठीत लिहिणं आपलं नाही का? आहे, आणि जुनं आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहीत होते. अलीकडचं उदाहरण शाहीर अमर शेख यांचं. बार्शीला १९१६ मध्ये जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल. गरिबीत वाढले, गिरणीत राबले, मोटारीवर क्लीनर होते. लोकगीतं आणि ओव्या कानावर पडल्या त्या आईच्या तोंडून. पुढे अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदानाच्या शेवटच्या टोकाला माइकशिवाय पोचायचा, असं जुने लोक सांगतात. मुसलमान आईनं मराठी ओवी म्हटली आणि महाराष्ट्राला शाहीर मिळाला. तिनं जर ‘हे आपलं नाही’ म्हणून तोंड मिटलं असतं तर?

१९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांनी ती चळवळ उभी केली, आपल्या लातूरकडचे कवी फ. म. शहाजिंदे तिच्यात होते. मुसलमानाचं जगणं मराठीत मुसलमानानं लिहावं, एवढी साधी मागणी. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण, औरंगाबादच्या विद्यापीठात मराठी शिकवलेले. ही नावं आमच्या वर्गातल्या किती मुलांना माहीत आहेत, हे आम्ही विचारून पाहिलं. एकही हात वर आला नाही.

आता दीनचा प्रश्न. पालक सभेत तो दर वेळी निघतो आणि निघायलाच हवा. वाद्यांबद्दल, सजीवांच्या चित्रांबद्दल उलेमांमध्ये मतं आहेत, काही कडक, काही सैल. त्यात निकाल देणं शाळामास्तराचं काम नाही. ज्या घराला जे मत पटतं त्याचा मान राखूनच आम्ही वर्गात काम करतो. पण ‘शायरी, लिहिणं, कला सगळंच वाया’ असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. कुरआनमध्ये ‘अश-शुअरा’ म्हणजे ‘कवी’ या नावाची एक सूरह आहे. तिच्या अखेरीस भरकटलेल्या कवींवर टीका येते आणि लगेच ईमान राखून सत्कर्म करणाऱ्यांना त्यातून वेगळं काढलं जातं. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात हजरत हस्सान बिन साबित (रजि.) मस्जिदे नबवीत कविता म्हणत. हजरत काब बिन जुहैर (रजि.) यांनी कसीदा ऐकवला तेव्हा प्रेषितांनी त्यांना आपली चादर दिली, हे सीरतच्या पुस्तकांत आहे. खत्ताती, जाळीकाम, शेजारच्या बीदरच्या कारागिरांचं काळ्या धातूवरचं चांदीकाम, हेही सगळं आपल्याच हातांचं. ज्या घरात चित्राला मनाई आहे तिथे शब्दाला तरी मनाई नको, एवढंच आमचं म्हणणं.

खरी अडचण मनाईची नाही, भीतीची आहे, असं आम्हाला आता वाटतं.

निबंधाच्या त्या प्रसंगानंतर आम्ही एक वेगळी वही सुरू केली. शनिवारी शेवटचा तास. नियम एकच, घरातलं खरं काहीतरी लिहून आणायचं, भाषा कोणतीही, मार्क नाहीत. सुरुवातीला मुलांनी चुटकुले आणले. मग हळूहळू गाणी, म्हणी, खाटी दालची रीत, रमजानमध्ये पहाटे जागं करायला येणाऱ्या फकीरबाबांची हाळी. आणि मग एका मुलीनं दीड पान आणलं. तिची परनानी १९४८ मध्ये सात-आठ वर्षांची होती. ज्वारीच्या उभ्या पिकात दोन रात्री कशी बसली, लहान भावाच्या तोंडावर हात कसा दाबून धरला, शेजारच्या पाटलीणबाईनं भाकरी कशी आणून दिली, हे सगळं तिनं दखनीत, देवनागरी लिपीत लिहिलं होतं.

१७ सप्टेंबरला आम्ही शाळेत झेंडावंदन करतो. रझाकारांनी गावांवर केलेले जुलूम आणि त्यांच्याविरुद्ध लढलेल्या माणसांचं धैर्य, उमरी बँकेची कथा, हे मुलांना सांगतो. सांगितलंच पाहिजे. उमरी तर आमच्याच रेल्वेलाइनवर. पण पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशाही घरांवर काय गुदरलं, ते सांगितलं जात नाही. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या शिष्टमंडळानं १९४८ च्या अखेरीस दौरा करून अहवाल दिला होता. त्यात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार आहे आणि सर्वात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर आपलं नांदेड आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. पण अहवाल कपाटात होता म्हणून आपण गप्प राहिलो असं नाही. माणसं घरात होती, तरी आपण त्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मुलांच्या मनात कडवटपणा नको, शेजाऱ्यांशी संबंध बिघडायला नकोत, हा त्यांचा विचार. त्यात शहाणपण होतं, हे आम्ही मान्य करतो. पण त्या गप्पपणात भाकरी आणून देणारी पाटलीणबाईसुद्धा गाडली गेली, त्याचं काय?

सोमवारी त्या मुलीचे वडील शाळेत आले. सलाम-दुआ झाली. मग म्हणाले, “सर, वो पन्ना फाड दीजिए. जमाना कैसा है आप जानते.” आवाजात राग नव्हता. आम्ही वाद घातला नाही. ज्याला गावात राहायचं आहे, धंदा करायचा आहे, त्याच्या भीतीला बाहेरून नाव ठेवणं सोपं असतं. आम्ही पान फाडलं नाही, काढून पाकिटात ठेवलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, “हे तुमच्या घरचं आहे. फाडायचं की ठेवायचं, ते नानीमांना विचारून ठरवा.”

फुलांच्या मुलीनं पुढच्या शनिवारी ‘माझी आई’ पुन्हा लिहिलं. न सांगता. त्यात अम्मीच्या ओढणीच्या टोकाला नेहमी मोगऱ्याचा वास असतो, पण तिला स्वतःला तो येत नाही, कारण नाक सवयीचं झालंय, असं एक वाक्य आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका होत्या. त्या आम्ही पेन्सिलीनं, बाजूला लिहून दाखवल्या. लाल पेन हल्ली शनिवारी घरी ठेवतो.

पाकीट देऊन सहा आठवडे झाले तेव्हा त्या वडिलांचा फोन आला. नानीमांनी पान वाचून घेतलं होतं, दोनदा. त्यांचं म्हणणं पडलं की पोरीनं एक चूक केली आहे, रात्री दोन नव्हत्या, तीन होत्या, आणि पाटलीणबाईचं नाव राहिलं आहे. लिहायचं तर नीट लिहा, बाकीचंही आहे. येत्या इतवारी असरच्या नमाजनंतर या, असा निरोप आहे. आम्ही जाणार आहोत, मुलगी वही घेऊन बसणार आहे.