जुन्या दप्तरांतील एक आयरिश स्त्री

आपल्या आजोबांचे आजोबा कोण होते व कोठून आले, हें जाणण्याची इच्छा कोणास होत नाहीं? आपल्याकडे तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही जिज्ञासा पुष्कळदां पुरी करतात. परंतु ज्या घराण्याची मूळ स्त्री कैदी म्हणून स्वदेशाबाहेर धाडली गेली, आणि जिच्या मुलानातवांनीं लाजेनें तिचें नांवहि उच्चारलें नाहीं, त्यांच्या वंशजांनीं काय करावें? ऑस्ट्रेलियांतील सहस्रावधि कुटुंबांपुढें हा प्रश्न उभा राहिला आहे. त्याचें उत्तर शोधण्याची रीत बोधप्रद असल्यामुळें ती येथें थोडक्यांत सांगतों.

इ.स. १७८८ पासून १८६८ पर्यंत ब्रिटिश सरकारनें सुमारें १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियांत पाठविले. त्यांत सुमारें २५,००० स्त्रिया होत्या, व त्यांपैकीं पुष्कळ आयर्लंडांतील होत्या. बहुतेकींचा अपराध म्हणजे किरकोळ चोरी. मार्गारेट बटलर हिचेंच उदाहरण घ्या. कार्लो परगण्यांत बटाटे चोरल्याबद्दल तिला सात वर्षांची हद्दपारीची शिक्षा झाली. ता. २ सप्टेंबर १८४५ रोजीं डब्लिननजीकच्या किंग्जटाउन बंदरांतून 'टास्मानिया' नांवाचें जहाज १३८ कैदी स्त्रिया व त्यांचीं ३५ मुलें घेऊन निघालें, तें ३ डिसेंबर रोजीं व्हॅन डीमेन्स लँड बेटावरील होबार्टला पोहोंचलें. त्या स्त्रियांत मार्गारेट होती. या जहाजावरील सर्व स्त्रियांचा इतिहास जोन कॅव्हाना व डायॅन स्नोडेन या दोन विदुषींनीं पुढें ग्रंथरूपानें लिहिला.

अशा स्त्रीचा शोध कोठून आरंभावा? प्रथम जहाजाचें नांव मिळवावें. एकाच नांवाच्या अनेक स्त्रिया असत. म्हणून वसाहतींतील कारकून कैद्याच्या नांवापुढें तो ज्या जहाजानें आला त्याचें नांव लिहीत. जणूं तें जहाज हेंच तिचें दुसरें आडनांव! हें नांव हातीं लागलें, कीं पुढील दारें उघडतात.

त्यानंतर मायदेशाकडे वळावें. येथें मात्र शोधकाच्या वाट्यास निराशा येते. इ.स. १९२२ च्या जून महिन्यांत यादवी युद्धाच्या वेळीं डब्लिन येथील सार्वजनिक दप्तरखाना जळून खाक झाला. शतकानुशतकांचे कागद व खानेसुमारीचीं बहुतेक जुनीं पुस्तकें त्यांत गेलीं. सुदैवानें इ.स. १८३६ पासूनच्या हद्दपारीच्या नोंदवह्या दुसरीकडे ठेविलेल्या होत्या, म्हणून त्या वांचल्या. त्यांत नांव, वय, अपराध, न्यायाचें ठिकाण व शिक्षा हीं दिलेलीं आहेत. त्याखेरीज कैद्यांनीं वा त्यांच्या आप्तांनीं केलेले दयेचे अर्जहि कांहीं उरले आहेत. घरीं किती मुलें आहेत, नवरा जिवंत आहे कीं नाहीं, हें अशा अर्जांतूनच कळतें. इ.स. १९८८ मध्यें आयर्लंडनें या कागदांच्या छायाप्रती ऑस्ट्रेलियास भेट म्हणून दिल्या.

तिसरी पायरी प्रवासाची. प्रत्येक जहाजावर एक सरकारी शस्त्रवैद्य असे. त्यानें आजार, मृत्यु व जन्म यांची रोजनिशी ठेवावयाची असे. अशा पुष्कळशा रोजनिशा लंडननजीक क्यू येथें सुरक्षित आहेत. जहाज पोहोंचतांच होबार्टचे कारकून प्रत्येकीची उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग, अंगावरील व्रण हीं टिपून घेत. पळून गेल्यास ओळखावी एवढाच त्यांचा हेतु; परंतु आज त्याच ओळींवरून वंशजांस आपल्या पूर्वजेचें रूप कल्पितां येतें.

चौथी पायरी वर्तनपत्रकाची. त्या काळीं नव्यानें आलेल्या स्त्रियांस 'ॲन्सन' नांवाच्या नांगरलेल्या जुन्या गलबतावर सहा महिने ठेवून मग घरकामास देत. मालकाशीं उद्धटपणा केला, रात्रीं बाहेर राहिली, मद्य प्यायली, तर त्याची नोंद होई व तिला कॅस्केड्स येथील स्त्रियांच्या कारखान्यांत, म्हणजे तुरुंगांतच, धाडीत. मुलांस आईपासून तोडून न्यू टाउनच्या अनाथालयांत ठेवीत. त्यांच्या पटावर त्यांचीं नांवें सांपडतात. पुढें विवाहाची परवानगी, सुटीचा परवाना व शेवटीं मुक्ततेचा दाखला यांच्या नोंदी येतात. जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद या बेटावर इ.स. १८३८ मध्येंच सुरू झाली होती, हा शोधकाचा मोठाच लाभ.

येथें एक सावधगिरीची सूचना. इ.स. १८४५ म्हणतांच आयर्लंडचा भीषण दुष्काळ आठवतो, व मार्गारेटनें दुष्काळामुळें बटाटे चोरले असें म्हणावेंसें वाटतें. परंतु बटाट्यावरील रोग आयर्लंडांत प्रथम दिसूं लागला तो तिचें जहाज निघालें त्याच सुमारास. चोरी व शिक्षा त्यापूर्वींच्या. म्हणजे दुष्काळाच्या आधींहि गरिबांच्या घरीं अन्नाची वाण होती! ताऱखा ताडून पाहिल्याखेरीज कारण सांगूं नये, हा धडा प्रत्येक विद्यार्थ्यानें घ्यावा. तसेंच, आयरिश नांवें ऐकून लिहिणारे कारकून तीं निरनिराळ्या तऱ्हांनीं लिहीत. म्हणून नांव जुळलें एवढ्यावर विसंबूं नये. वय, गांव व जहाज हीं तिन्ही जुळलीं पाहिजेत.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हे सर्व कागद पहारेकऱ्यांनीं लिहिलेले आहेत. तिनें किती वेळां आज्ञा मोडली हें त्यांत आहे. परंतु किती रात्री ती मुलांसाठीं रडली, कोणत्या शेजारणीस तिनें धीर दिला, हें कोणीं लिहिलें नाहीं. तिच्या दोषांची यादी म्हणजे तिचें चरित्र नव्हे.

इ.स. २००७ मध्यें युनेस्कोनें ऑस्ट्रेलियांतील या कैद्यांच्या दप्तरास जागतिक स्मृतिठेव्यांत स्थान दिलें. पूर्वीं जो कलंक म्हणून घराणीं झांकीत, त्याचाच आज वंशज आदरानें शोध घेतात. राजेरजवाड्यांच्या बखरी लिहिल्या जातात. बटाटे चोरणाऱ्या एका गरीब बाईची बखर कोण लिहिणार? ती तुरुंगाच्या कारकुनानें नकळत लिहून ठेविली आहे. ती सहृदयतेनें वाचणें एवढेंच आपल्या हातीं आहे.