थाई मुळाक्षरांची चित्रे

थाई लिपीत 44 व्यंजने आहेत आणि प्रत्येकाला ठरलेले चित्र आहे. आपल्याकडे ‘ग गणपतीचा’, तसे तिथे ‘को काय’, म्हणजे क कोंबडीचा. या अक्षराला वर डावीकडे चोचीसारखी खाच असते. बहुतेक अक्षरे ज्या बारीक गोलापासून सुरू होतात, तो इथे नाही. ‘ङो ङू’ सापाचा. मला सर्वांत आवडतो तो ‘थो मोन्थो’: थाई रामायणातली मंदोदरी! क्रमही ओळखीचा, कंठ्यांपासून ओष्ठ्यांकडे जाणारा. मात्र चित्रातून आकार आणि नाव तेवढे कळते. व्यंजनांचे उच्च, मध्य आणि निम्न असे तीन वर्ग (अनुक्रमे 11, 9 आणि 24) असतात, आणि शब्दाचा सूर ठरवण्यात त्यांचा वाटा मोठा. म्हणून चित्रकार्डे पहिल्या दिवसापासून वर्गानुसार तीन रंगांत करावीत. वर्ग मागाहून वेगळे पाठ करणे फार जड जाते.