एका सुराचं आयुष्य

मैफलीतले चौघे : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण हायडनच्या स्ट्रिंग क्वार्टेटमधला चार वाद्यांचा संवाद ऐकला. एकाने विषय काढायचा, दुसऱ्याने तो उचलायचा, तिसऱ्याने फाटे फोडायचे. युरोपातलं चेंबर संगीत बरंचसं या बोलण्यावर उभं आहे. आज ज्या रचनांकडे जायचं आहे, त्यांतली वाद्यं युरोपचीच आहेत, पण ती सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक वाद्य एक सूर हाती घेतं आणि त्या सुराचं काय काय होऊ शकतं, याचाच शोध घेत राहतं.

त्यासाठी दक्षिण कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, तोंगयंगला जाऊ. कालवं, शिंपल्यांचं जडावकाम आणि १५९२ साली जवळच्या हानसान बेटापाशी जपानी आरमाराला हरवणारा सेनापती यी सुन-शिन, ही या बंदराची जुनी ओळख. २००२ पासून इथे दर वसंतात आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो. समुद्रालगत सुमारे १,३०० आसनांचं सभागृह आहे. कोरियन वादक आणि बाहेरून आलेले वादक तिथे एकाच मंचावर बसतात. हा महोत्सव उभा राहिला तो याच गावात वाढलेल्या इसांग युन (१९१७–१९९५) या संगीतकाराच्या नावाभोवती. वडिलांबरोबर रात्री मासेमारीच्या होडीत बसून दुसऱ्या होड्यांवरच्या कोळ्यांची गाणी पाण्यावरून येताना ऐकली, ही बालपणीची आठवण युन यांनी पुढे सांगितली आहे. ते जपानमध्ये शिकले आणि १९५६ नंतर पॅरिस आणि बर्लिनला. बाराही स्वरांना समान मान देणारं तेव्हाचं नवं युरोपीय तंत्र त्यांनी आत्मसात केलं आणि त्याच्या पोटात स्वतःचा सूर ठेवला.

तो सूर सरळ लागत नाही. आधी दोन-चार कणस्वर त्याला हलकेच ढकलतात. मग तो लागतो, फुगतो, कंप पावू लागतो, पाव स्वराने वर सरकतो, पुन्हा उतरतो आणि शेवटी दुसऱ्या सुरात विरतो किंवा एकदम तुटतो. युन म्हणत की युरोपचा सूर पेन्सिलीने ओढलेल्या रेघेसारखा असतो आणि पूर्वेचा कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखा. फटकाऱ्याची जाडी सतत बदलत असते आणि पाहायचं असतं ते हे बदलणंच.

याचं मूळ कोरियाच्या जुन्या वाद्यांत आहे. गायागम या १२ तारांच्या वाद्यावर उजवा हात तार छेडतो आणि घोडीच्या पलीकडे डावा हात ती दाबून, हलवून, ओढून सूर जागता ठेवतो. दरबारी वाद्यमेळात 'सुजेचॉन'सारखी रचना वाजते तेव्हा तालाची काठी हलवणारा कुणी नसतो. सगळे एकच धून वाजवतात, पण प्रत्येकाच्या श्वासाने तिच्या कडा थोड्या मागेपुढे होतात. आपल्याकडे गायकामागून सारंगी जशी किंचित उशिराने चालते, ते आठवा.

दरबारी कानड्यातल्या आंदोलित गंधारावर वाढलेल्या कानाला युन यांचं संगीत परकं वाटू नये, असं मला मनापासून वाटतं. एका स्वरावर रेंगाळण्याची सवय आपल्याला आहे. पण साम्य ओढूनताणून पुढे नेऊ नये. इथे खाली तानपुरा नाही, परतून येण्यासाठी षड्ज नाही, रागही नाही. आणि उपज नाही. सूर कुठे कंप पावेल, किती जोराने फुगेल, हे कागदावर लिहिलेलं आहे.

वादकाची खरी कसोटी हीच. पाश्चात्त्य शिक्षणात सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, गोल ठेवायला शिकवतात. इथे तो एकसारखा राहिला तर रचना मरते. फ्लूट आणि पियानोसाठीच्या 'गाराक'मध्ये (१९६३) फ्लूटवादकाला वाद्य ओठांशी किंचित आत-बाहेर वळवून सूर वाकवावा लागतो. एकट्या चेलोसाठीच्या 'ग्लिसे'त (१९७०) बोट तारेवरून घसरतं आणि गजाचा दाब त्याच वेळी वेगळ्या वाटेने जातो. 'पिरी' (१९७१) ओबोसाठी आहे. तिला नाव आहे ते सनईसारख्याच दुहेरी पत्तीच्या कोरियन बांबूच्या वाद्याचं. 'गाराक'मध्ये पियानोवादकाची अडचण वेगळी. पियानोचा सूर वाकतच नाही. मग तो खालच्या पट्टीतल्या आघातांतून आणि झणझणत्या कंपांतून फ्लूटच्या सुराला जमीन देतो.

युन यांच्याविषयी बोलताना बहुतेक ठिकाणी आधी तुरुंग येतो. तो सांगायला हवा, पण सुरानंतर.

१९६३ मध्ये ते उत्तर कोरियाला गेले आणि कांगसो इथल्या थडग्यातली कोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याच्या काळातली भित्तिचित्रं त्यांनी पाहिली. निळा ड्रॅगन, पांढरा वाघ, शेंदरी पक्षी, काळं कासव, असे चार दिशांचे रक्षक तिथे रंगवलेले आहेत. जून १९६७ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तहेर खात्याने युन यांना पश्चिम बर्लिनमधून पळवून सोलला नेलं. पत्नीलाही नेलं. त्या उत्तर कोरिया भेटीवरून हेरगिरीचा आरोप ठेवून युन यांना जन्मठेप सुनावली. स्ट्राविन्स्की, कारायान, लिगेटी यांच्यासह सुमारे २०० कलावंतांनी सुटकेसाठी निवेदन दिलं. कैदेत असतानाच १९६८ मध्ये त्यांनी फ्लूट, ओबो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी 'इमेजेस' लिहिलं. चार रक्षक, चार वाद्यं. त्यात आक्रोश शोधणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. चार सूर एकमेकांच्या अंगावरून जातात, गुंततात, सुटतात. मला त्यात एका अतिशय एकाग्र माणसाची स्मृती ऐकू येते. ती चित्रं त्याने पाहिली होती आणि ती त्याच्याकडून कुणाला काढून घेता येत नव्हती.

१९६९ मध्ये सुटका झाली, १९७१ मध्ये पश्चिम जर्मनीचं नागरिकत्व मिळालं. १९९५ मध्ये बर्लिनला मृत्यू येईपर्यंत युन यांना दक्षिण कोरियात परतता आलं नाही. सरकारने हेरगिरीचं हे प्रकरण फुगवलं होतं, असं २००६ मध्ये तिथल्याच चौकशीत निघालं. २०१८ मध्ये त्यांचे अवशेष तोंगयंगला आणून सभागृहाजवळच पुरले. तेव्हाही विरोध करणारे होतेच. तरी त्यांच्या नावाच्या स्पर्धेत चेलो, व्हायोलिन आणि पियानो वाजवणारी तरुण मुलं दरवर्षी आलटून पालटून येत राहतात. ज्या नावामुळे एकेकाळी तुरुंग मिळाला, त्याच नावाचं बक्षीस घेऊन ती जातात. मला ही भरपाई वाटत नाही, पण ही गोष्ट लहानही नाही.

ऐकायला सुरुवात 'गाराक'पासून करावी. पहिल्या वेळी पियानोकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. फ्लूटचा एकच लांब सूर धरा आणि तो संपेपर्यंत सोडू नका. दुसऱ्या वेळी पियानो ऐका. 'इमेजेस' त्यानंतर, आणि तेही आधी फक्त चेलोच्या मागे राहून.

पुढच्या आठवड्यात 'एस्मे क्वार्टेट'. २०१६ मध्ये कोलोनला एकत्र आलेल्या चार कोरियन तरुणींनी दोनच वर्षांत लंडनच्या विगमोर हॉलची स्पर्धा जिंकली. या क्वार्टेटच्या हातात हायडनचा संवाद कसा येतो, ते पाहू.