कपातला एक मिलिमीटर

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबते आणि आपण वडापावाकडे धावतो. गाडी जणू वड्यासाठीच थांबली आहे, असं आपल्याला वाटतं. खरं तर तेवढ्या वेळात तिच्या शेपटाला आणखी इंजिनं जोडली जात असतात. पुढचं इंजिन ओढणार, मागची ढकलणार, तेव्हा कुठं गाडी भोर घाट चढणार! हा रेल्वेघाट 1863 साली सुरू झाला, पण ही ढकलाढकली अजून सुटलेली नाही.

हा चढ असतो तरी केवढा? पुढच्या खेपेला घाटात चहाचा कप समोर ठेवून बघा. इथं रूळ 37 मीटरला एक मीटर चढतात. आठ सेंटीमीटर रुंदीच्या कपात चहा एका काठाशी दुसऱ्या काठापेक्षा साधारण दोन मिलिमीटर वर दिसेल. दोन मिलिमीटर! लाल डब्याची एसटी ज्या चढाला चढ म्हणणारही नाही, तिथं रेल्वेला धाप लागते.

कारण रेल्वे ही मुळात सपाटीची राणी. पोलादी रुळावर पोलादी चाक, दोन्ही गुळगुळीत. त्यामुळं सपाटीवर एक टन वजन पुढं न्यायला अवघा दोन-तीन किलोंचा जोर पुरतो. भाजीची पिशवी उचलायला लागतो तेवढाच! पण मार्ग 37 ला 1 असा चढू लागला, की दर टनामागं आणखी 27 किलोंचा जोर लागतो. म्हणजे ओझं एकदम दहापट. वर गंमत अशी, की ज्या गुळगुळीतपणामुळं गाडी सपाटीवर सुसाट पळते, त्याच गुळगुळीतपणामुळं चढावर चाकाला पकड मिळत नाही. रेल्वेचा गुण तोच तिचा दोष.

आता या नाजूक राणीला हिमालयात न्यायचंय. तेही पीर पंजाल पर्वतरांगेच्या पलीकडं, थेट काश्मीर खोऱ्यात. कसं न्याल?

हा प्रश्न तसा जुनाच. जम्मूला रेल्वे आली ती 1890 साली, सियालकोटहून. श्रीनगरपर्यंत रूळ टाकण्याची कल्पना महाराजा प्रतापसिंहांच्या काळात, 1898 साली पुढं आली. ती कल्पनाच राहिली. मग 1947 साली फाळणी झाली, सियालकोट सीमेपलीकडं गेलं आणि जम्मूचे होते ते रूळही तुटले. पठाणकोटकडून फिरून जम्मूत गाडी यायला 1972 उजाडलं. तिथून उधमपूर नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतं. तिथं पोचायला 2005! आणि अख्ख्या 272 किलोमीटरच्या उधमपूर–श्रीनगर–बारामुल्ला मार्गाचा शेवटचा तुकडा जोडला गेला 6 जून 2025 रोजी. कल्पना सुचल्यापासून सव्वाशेहून जास्त वर्षांनी.

एवढा वेळ का लागला, याचं उत्तर कटरा ते बनिहाल या 111 किलोमीटरमध्ये दडलंय. आणि ते उत्तर तुम्ही स्वतः काढू शकता.

कटरा स्टेशन समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर, बनिहाल सुमारे 1,700 मीटरवर. म्हणजे 111 किलोमीटरमध्ये चढायचंय फक्त 900 मीटर. भागाकार करा: सव्वाशे मीटरला जेमतेम एक मीटर! हे तर रेल्वेला सहज झेपेल. मग अडलं कुठं?

अडलं ते डोंगराच्या स्वभावात. डोंगर काही जिन्यासारखा शिस्तीत चढत नाही. तो आकाशात उसळतो, दरीत कोसळतो, पुन्हा उसळतो. घाटरस्ता त्याच्या लहरी सांभाळत, वळसे घेत, वरखाली होत जातो. रेल्वेला ती चैन नाही. दरीत उतरली तर पलीकडचा चढ चढायचा कुणी? म्हणून अभियंत्यांनी कटऱ्यापासून बनिहालपर्यंत मंद चढाची एक रेघ मनात आखली. 80 मीटरला एक मीटर, याहून जास्त चढ घ्यायचा नाही. मालगाडीलाही मागून धक्का लागायला नको!

आता ही रेघ ताणून धरा आणि तिच्यावर खरा डोंगर ठेवा. डोंगर रेघेच्या वर आला, की बोगदा. जमीन रेघेखाली गेली, की पूल. आजी गोधडीला धावदोरा घालते, तशी ही रेघ हिमालयाच्या घड्यांतून आतबाहेर करत जाते. फरक इतकाच, की इथं दोरा कापडाबाहेर दिसतच नाही म्हणा ना! त्या 111 किलोमीटरांपैकी सुमारे 97 किलोमीटर बोगद्यांत आहेत. संपूर्ण मार्गावर 36 बोगदे आणि लहानमोठे 943 पूल. निव्वळ बोगद्यांची लांबी भरते 119 किलोमीटर.

बोगदे आपल्याला नवे नाहीत, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण सह्याद्री आणि हिमालय यांत एक फरक आहे. वयानं दोघं फारसे लांब नाहीत. दख्खनचा काळा पाषाण ज्वालामुखीतून ओतला गेला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तर हिमालय घडवणारी टक्कर साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीची. पण आपला सह्याद्री ओतला, थिजला आणि शांत बसला. थरावर थर, पोळीच्या पदरांसारखा. हिमालयाची टक्कर अजून संपलेली नाही! भारताची भूमी आजही उत्तरेकडं रेटा देतेय, तो आजही उचलला जातोय. त्यामुळं त्याच्या पोटात पदर नाहीत, चुरा आहे. भेगा, पिचलेला खडक, मधूनच उसळणारं पाणी. कटऱ्याजवळचा टी-33 नावाचा बोगदा जेमतेम 3.2 किलोमीटरचा. पण तो त्रिकूट पर्वताच्या पायथ्याशी अशाच एका मोठ्या भेगेच्या पट्ट्यातून जातो. त्यानं अभियंत्यांना वर्षानुवर्षं झुंजवलं. 12.77 किलोमीटरचा टी-50 तयार होऊन त्यातून गाड्या धावू लागल्या, तरी हा छोटा पठ्ठ्या अडूनच बसला होता!

असल्या चुऱ्यात बोगदा उभा राहतो कसा? समुद्रावर लहानपणी खेळलेला खेळ आठवा. ओल्या वाळूत पाय ठेवायचा, वरून वाळू थापायची आणि अलगद पाय काढून घ्यायचा. छत पडत नाही! वाळूचे कण एकमेकांना रेटून कमान धरतात. डोंगरातही तेच करायचं. थोडंसंच फोडायचं आणि लगेच भिंतींवर काँक्रीटचा फवारा मारायचा. मग खडकात लांब पोलादी खिळे रुतवायचे, की भोवतालचा खडक स्वतःच कमान होऊन डोंगर पेलतो. पण नुसतं खोदून भागत नाही, खोदलेली भिंत आत सरकतेय का, हे सतत मोजावं लागतं. डोंगराची नाडी हातात धरूनच पुढचं पाऊल.

आणि मग येते चिनाब.

इथं आपली रेघ डोंगरातून बाहेर पडते तर पायाखाली जमीनच नाही. नदीचं पात्र 359 मीटर खाली! आयफेल टॉवर दरीत उभा केला, तर त्याचं टोकसुद्धा रुळांच्या खालीच राहील. जगातला सर्वात उंच रेल्वेपूल म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही उंची विक्रमासाठी निवडलेली नाही. ती आपल्या रेघेनं ठरवली. मंद चढाची ती रेघ चिनाबपाशी पोचली, तेव्हा ती नेमकी तेवढ्या उंचीवर होती, इतकंच! गाडीला चढ जमत नाही, या एका उणिवेतून जगातला सर्वात उंच रेल्वेपूल जन्माला आला.

एवढ्या खोल दरीत मधोमध खांब कसा उभा करणार? नकोच. वाड्याच्या दिंडी दरवाज्यापासून चालत आलेली युक्ती वापरली, कमान. कमान आपल्यावरचा भार दोन्ही पायांकडं ढकलते आणि पाय तो खडकाला देतात. इथं कमानीचा पल्ला 467 मीटर, अख्खा पूल 1,315 मीटर. पण कमानीची एक अडचण असते. पूर्ण होईपर्यंत ती कमान नसतेच! अर्धी कमान म्हणजे दरीवर लटकलेला हात. म्हणून दरीवरून 900 मीटरहून लांब तार ताणून तिच्यावर क्रेन चालवली. दोन्ही काठांवरून पोलादाचे तुकडे एकेक करून पुढं जोडले आणि ते लोंबते हात मागून तारांनी धरून ठेवले. 5 एप्रिल 2021 रोजी ते हात मधोमध भेटले.

आता त्या भेटीतली नजाकत पाहा. ऊन-थंडीनं पोलाद फुगतं, आक्रसतं. तापमानात 30 अंशांचा फरक पडला, तर 467 मीटर पोलादाची लांबी सुमारे 17 सेंटीमीटरनं बदलते. म्हणजे जो सांधा जुळवायचाय, तो दिवसभर स्वतःच हलतोय! सुईत दोरा ओवायचा, पण सुई आणि दोरा दोन्ही श्वास घेतायत, असा हा प्रकार.

कमानीनं भार खडकाला दिला खरा, पण खडक तो घ्यायला तयार आहे का? चिनाबचे काठ भेगाळलेल्या डोलोमाइटचे, भोवतालचा भाग भूकंपप्रवण. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रा. माधवी लता यांनी या उतारांच्या स्थैर्यावर वर्षानुवर्षं काम केलं. वरून जे दिसत होतं आणि खोदल्यावर जे निघत होतं, त्यांचा मेळ बसेना. मग मार्ग एकच होता, खोदत जायचं आणि जे समोर येईल तसा आराखडा बदलत जायचा. त्यात दरीतला वारा. पुलानं ताशी 266 किलोमीटरचा वारा सोसावा, असा हिशेब धरला आहे.

चिनाबपासून जवळच अंजी नावाची एक खोल घळ आहे. शेजारीण, म्हणजे इथंही कमानच असणार, नाही का? नाही! विचार तसाच होता. पण अंजीच्या काठांचा खडक कमानीचा रेटा सोसेल, याचा भरवसा नव्हता. तेव्हा अभियंत्यांनी जणू गलबताची डोलकाठीच डोंगरात रोवली. 193 मीटर उंचीचा एकच खांब आणि त्यापासून दोन्ही बाजूंना ताणलेल्या 96 तारा. भार तारांतून खांबाकडं आणि खांबातून एकाच पायाकडं. भारतातला हा पहिला तारांवर तोललेला रेल्वेपूल. दोन शेजारणी, दोन स्वभाव आणि दोन वेगळे पूल.

गलबताची आठवण अशीच आली नाही. हे दोन्ही पूल उभारून घेण्याची जबाबदारी होती कोकण रेल्वे महामंडळाकडं! सह्याद्रीच्या कुशीत, मुसळधार पावसात बोगदे खणून आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवर 64 मीटर उंच पूल बांधून 1998 साली ज्यांनी कोकणात गाडी आणली, तेच लोक पुढं हिमालयात गेले. महामंडळाच्या बेलापूरच्या कचेरीचा पत्ता असा चिनाबच्या काठापर्यंत जाऊन पोचला.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार आवडते. खोऱ्यातली रेल्वे 2008 सालीच सुरू झाली होती, पण उरलेल्या देशाशी तिचा रूळ जुळलेलाच नव्हता. ते रेल्वेचं एक बेट होतं. मग तिथं गाडीचे डबे पोचले कसे? रस्त्यानं! ट्रेलरवर चढवून, घाटातली वळणं घेत. जिथं रेल्वेनं जाता येत नव्हतं, तिथं रेल्वे ट्रकमध्ये बसून गेली. आणि पूल-बोगद्यांपर्यंत सामान न्यायलाही आधी रस्ते बांधावे लागले, दोनशे किलोमीटरहून अधिक. जिथवर खेचर जात होतं, तिथवर आता जीप जाते. रूळ यायच्या आधीच रेल्वेनं गावांना रस्ता दिला.

ऑगस्ट 2025 मध्ये पंजाबातल्या रूपनगरहून सिमेंट घेऊन पहिली मालगाडी अनंतनागला पोचली. पुढच्याच महिन्यात दरडींनी महामार्ग अडला, सफरचंदांचे ट्रक वाटेत खोळंबले आणि बडगामहून दिल्लीकडं सफरचंदांची पार्सल गाडी निघाली. दरड रस्त्यावर कोसळते. पण डोंगराच्या पोटातल्या रुळावर ती कोसळणार कशी? तो सत्त्याण्णव किलोमीटरांचा अंधार इथं असा कामाला आला.

पर्यटक मात्र खट्टू होतात. खिडकीशी जागा मिळवावी आणि बाहेर अंधारच अंधार! चिनाबचा पूल येतो आणि बघता बघता सरतो. तुम्ही गेलात, तर खिडकी सोडून जरा समोरच्या चहाच्या कपाकडं बघा. 80 ला 1 चढ म्हणजे आठ सेंटीमीटरच्या कपात किती? एक मिलिमीटर. भोर घाटातल्या दोन मिलिमीटरांच्या निम्मा. डोळ्यांना कळणारसुद्धा नाही.

तो कळू नये, म्हणून तर डोंगर पोखरला, दरीवर कमान टाकली आणि घळीत डोलकाठी रोवली. चहा सांडत नाही, मागून ढकलणारं इंजिन लागत नाही, आणि तुम्ही अख्खा पीर पंजाल ओलांडलेला असतो.