आकड्यांचा धबधबा

ताळेबंद आपल्याला दोन टोके दाखवितो : वर्षारंभीची शिल्लक आणि वर्षअखेरची शिल्लक. या दोहोंच्या दरम्यान काय घडले, हे एका दृष्टिक्षेपात सांगण्याचे काम ‘वॉटरफॉल चार्ट’ अर्थात धबधबा-आलेख करतो.

या आलेखातील पहिला व शेवटचा स्तंभ पायारेषेवर उभे असतात. मधले स्तंभ अधांतरी असतात. आधीचा स्तंभ जेथे संपतो, तेथूनच पुढचा सुरू होतो. वाढ वर चढते, घट खाली उतरते. पासबुकात प्रत्येक नोंदीपुढे शिल्लक लिहिलेली असते, त्याचेच हे चित्ररूप होय.

समजा, एखाद्या शाखेची अनुत्पादक कर्जे, म्हणजेच एनपीए, वर्षारंभी ८ कोटी रुपये होती आणि वर्षअखेर ती ४ कोटींवर आली. केवळ हे दोन स्तंभ पाहणारा वसुलीचे कौतुक करील. आता मधल्या पायऱ्या पाहू. वर्षभरात ३ कोटींची कर्जे नव्याने अनुत्पादक झाली. आकडा ११ वर गेला. वसुली २ कोटींची झाली, उरले ९. एक कोटीची खाती पुन्हा नियमित झाली, उरले ८. शेवटी ४ कोटी निर्लेखित केले, उरले ४. म्हणजे वसुली व नियमित झालेली खाती यांनी नव्या थकबाकीची जेमतेम बरोबरी केली; निव्वळ घट सारी निर्लेखनाची! निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे. कर्जदाराचे दायित्व कायम राहते. परंतु पैसा परत आला, असाही त्याचा अर्थ नव्हे.

देशातील अनुसूचित वाणिज्य बँकांच्या ढोबळ एनपीएचे प्रमाण मार्च २०१८ मध्ये ११ टक्क्यांहून अधिक होते. मार्च २०२४ मध्ये ते ३ टक्क्यांखाली आले. अशा घटीत वसुली, निर्लेखन व वाढलेले कर्जवाटप या तिन्हींचा वाटा असतो. बँकांच्या वार्षिक अहवालातील टिपांमध्ये एनपीएच्या वाढ-घटीचा तपशील दिलेला असतो. जिज्ञासू वाचकांनी त्यावरून हा आलेख अवश्य काढून पाहावा.

एक्सेलच्या २०१६ च्या आवृत्तीपासून हा आलेख तयार मिळतो. शेवटचा स्तंभ मात्र ‘एकूण’ म्हणून निश्चित करावा. अन्यथा तोही नवी वाढ समजून आधीच्या स्तंभावर चढतो. अक्ष शून्यापासून सुरू करावा. किरकोळ कारणे ‘इतर’ या सदरात एकत्र करण्यास हरकत नाही. निर्लेखनाला मात्र स्वतंत्र पायरी द्यावी.