मॅटखालचा पाऊस

जुन्या गाडीचा तळ सडायला लागला की ते आधी नाकाला कळतं. दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास येतो. मग एखाद्या सकाळी काचांना आतून वाफ धरते, आणि ब्रेक दाबला की सीटखालून पाणी पुढे येऊन चपलेला लागतं. आमच्या वीस वर्षांच्या गाडीने ही तिन्ही लक्षणं एकाच श्रावणात दाखवली. ती कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. दोष वयाचा आहे आणि थोडा माझ्या चालढकलीचा, कारण मिस्त्रीकडे गेलो तोवर मे महिना उजाडला होता.

आमचं बोनकोडे हे कोपरखैरण्यातलं जुनं गावठाण. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा एमआयडीसीचा पट्टा, आणि चार महिने कोकणचा पाऊस. इथल्या आगऱ्यांचं नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून पडलेलं. खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे त्यांना दारात गाडी यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. १९७० साली नवं शहर वसवायला सिडको आली, जमिनी गेल्या, गावठाणात इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या आणि गाड्या गल्लीत उघड्यावर आल्या. गंज चढणं ही मुळात एक बारीकशी विजेची क्रिया आहे. मीठ ओल धरून ठेवतं आणि त्या ओलीतून वीज वाहायला वाट करून देतं. म्हणून खाडीकाठी उभी असलेली गाडी पाऊस नसतानाही थोडीथोडी खंगतच असते.

मिस्त्रीने बाहेरच्या रंगाकडे पाहिलंही नाही. मॅट उचलली, खालचं फेल्ट पिळलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत गेला. धड पत्रा टण्ण वाजतो, सडलेला भद्द. ड्रायव्हरच्या टाचेखाली आवाज बसला तिथे त्याने टोक टेकवलं, आणि ते सरळ खाली गेलं. भोकातून गल्लीतला पेव्हर ब्लॉक दिसत होता.

"पत्रा मी उद्या लावून देतो, साहेब," तो म्हणाला. "पण पाणी कुठनं येतं ते नाय शोधलं, तर दोन वर्षांनी परत इथंच याल."

मी गप्प बसलो. दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडे तळ 'करून' घेतला होता. तिथे गंजावरच लांबी (पुट्टी) भरली होती आणि वर काळं कोटिंग फासलं होतं. वरून एकदम नवं. आत मात्र पाणी आणि पत्रा यांचा संसार बिनबोभाट चाललेला. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. तो फुगला की वरचा थर पापडासारखा सुटतो.

गळती शोधायची रीत पाहण्यासारखी आहे. हाताखालचा पोरगा टॉर्च घेऊन आत बसतो, जमिनीवर कोरडे पेपर अंथरलेले, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवलेली. बाहेरून पायपाने पाणी मारायचं, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर. आधी टपावर मारलं तर सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेचं रबर, मग वायपरखालची पन्हळ. या पन्हळीत गुलमोहराची पानं कुजून बसली की पाणी बाहेर जायचं ते आत वळतं. पाऊस नसताना एसी लावल्यावर आत पाणी आलं तर त्याचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. पाणी चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल तर तो पाऊस नव्हेच, हीटरमधलं कूलंट.

आमच्याकडे चोर दारात निघाला. दाराच्या काचेवरून पाणी आत उतरतं, हे ठरलेलंच असतं. त्यासाठी दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात, आणि आतल्या अस्तरामागे प्लास्टिकचा पडदा लावतात. कुणीतरी कधीकाळी स्पीकर बसवताना आमचा पडदा फाडला होता, आणि भोकं धुळीने बुजली होती. दार म्हणजे बादली झालं होतं. मी हौसेने सिलिकॉनची ट्यूब घेऊन गेलो होतो. मिस्त्रीने टोपण उघडून वास घेतला आणि ती परत माझ्या हातात दिली. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून सुकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं. उघड्या पत्र्यावर ते लावणं म्हणजे गंजाला आवतण. त्याने पडद्यासाठी काळी चिकट ब्यूटाइल पट्टी काढली.

मग कापाकापी. सीट बाहेर, बॅटरीची वायर सुटी, वायरिंग आणि पेट्रोलची नळी बाजूला, पाण्याची बादली हाताशी. पत्रा किती कापायचा, यात खरी कारागिरी. भोक वहीच्या पानाएवढं होतं. ग्राइंडर चकचकीत लोखंडापर्यंत पोचला तेव्हा उघडी जागा वर्तमानपत्राच्या पानाएवढी झाली. वीस गेजचा पत्रा बसवला, टाके CO2 वेल्डिंगचे. सलग नाहीत, एक इथे, एक तिथे, मध्ये थांबून. एका दमात ओढलं तर पातळ पत्रा तापून पोळीसारखा फुगतो. जुन्या गॅस वेल्डिंगने हे फार व्हायचं. शेवटी दोन्ही बाजूंनी प्रायमर, सांध्यांत सीलंट, खाली कोटिंग.

हे शिक्षण मुंबईच्या मिस्त्रींना दिलं ते फियाट आणि पद्मिनीने. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून त्या निघाल्या. त्यांना वेगळी चौकट नव्हती. तळ, खांब, टप मिळूनच सांगाडा. तळ सडला की मधोमध गाडी बसायची आणि दारं लागेनाशी व्हायची. दारं धड लागतात का, हे आधी पाहायची मिस्त्रीची सवय तिथली. पुढचा धडा पुराचा: २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या बुडाल्या. सीट उन्हात वाळल्या, पण तळाखालच्या पोकळ दांड्यांत शिरलेला गाळ कोण काढणार? दांडी आतून सडते आणि बाहेरून रंग शाबूत असतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली, हे शिक्षण मात्र उरलं.

हे दुखणं गरीब गाड्यांपुरतंच होतं असं कुणी समजू नये. १९८० साली इंग्लंडमध्ये लान्सिया बीटाचे सांगाडे इतके गंजले की कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. ती कंपनी तेव्हा फियाटचीच होती. पोर्शने १९७५च्या सुमारास ९११चा पत्रा जस्ताच्या मुलाम्याचा केला. आजच्या गाड्या जस्त आणि विजेने चढवलेल्या प्रायमरमुळे बऱ्याच तगतात. पण फाटलेल्या पडद्यापुढे जस्तही किती दिवस टिकणार!

गाडी घरी आणताना मिस्त्रीने मॅटखाली घडी न केलेला पेपर पसरायला सांगितलं. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर मी तो काढला. ड्रायव्हरच्या बाजूला खडखडीत कोरडा. मागे डाव्या कोपऱ्यात मात्र जुन्या रुपयाएवढा ओला डाग. फोटो पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं: डिकीचं रबर असेल, रविवारी आणा, आणि येताना पाण्याचा लांब पाइप घेऊन या, आमचा फाटलाय.