जुनी करवत ठेवावी की नवी घ्यावी?

वस्तू जुनी झाली की टाकून द्यावी, हा आजचा रिवाज. चालते आहे तोवर चालवावी, हा आमच्या पिढीचा. ह्या दोहोंत विचाराचे श्रम कोणीच घेत नाही. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत जुन्या-नव्याचा वाद परीक्षेवर सोपविला आहे. काव्याला लावलेली ती कसोटी करवतीलाही लागू पडते, हा धडा गेल्या वर्षी आम्हांस मिळाला. त्याची किंमत मात्र दुसऱ्याने भरली.

जमिनीवर उभे राहून उंच फांद्या छाटता याव्यात अशी, लांब दांड्याची, पेट्रोलवर चालणारी करवत पुष्कळ वाचकांच्या पाहण्यात असेल. आम्ही बंधूंनी २०१४ साली अशा दोन करवती घेतल्या. एक जळगावच्या मळ्यासाठी, दुसरी धुळ्यास धाकट्या बंधूंच्या परसासाठी. मळ्याच्या बांधावर निंब, चिंच आणि आंबे. परसात लिंबू, पेरू आणि शेवगा. त्यापूर्वी बांबूला बांधलेल्या आकडीवर काम भागे, आणि त्याहून उंच फांदीसाठी कोणीतरी कोयता घेऊन झाडावर चढे. ते चढणे बंद व्हावे म्हणूनच यंत्र घेतले होते.

गेल्या वर्षी मृगाच्या सरी पडून गेल्यावर मळ्यातील यंत्र काही केल्या सुरू होईना. दोरी ओढून ओढून हात भरून आले. निंबाची वाळलेली फांदी गोठ्यावर झुकली होती. आमचा जुना सालदार म्हणाला, “राहू द्या गुरुजी, मी चढतो.” मी नको म्हणावयास हवे होते, म्हटले नाही. ओल्या सालीवरून त्याचा पाय निसटला, मनगट मोडले, आणि ऐन पेरणीत तो दीड महिना घरी बसला. औषधोपचार व पगार आम्ही दिला हे खरे. पण तेवढ्याने माझे मन हलके झाले नाही.

रात्री घरात विषय निघाला. पुतण्या म्हणाला, “काका, यंत्राने आपली नोकरी केली. आता त्यालाही तुमच्यासारखी निवृत्ती द्या आणि बॅटरीवरचे घ्या.” सूनबाईंनी विचारले, “पण बिघडले काय, हे कोणी पाहिले का?” प्रश्न अगदी योग्य होता.

दोन्ही यंत्रे कारागिरापुढे ठेविली. मळ्यातील यंत्राच्या कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक झाला होता, पेट्रोलची नळी तडकली होती, आणि धुराच्या वाटेवरची जाळी काजळीने बुजली होती. सिलिंडरमधील दाब मात्र उत्तम होता. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. छाटणी संपल्यावर टाकीतील पेट्रोल आम्ही महिनोन् महिने तसेच ठेवीत असू. २०२५ पर्यंत आपल्याकडील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी भागांस बाधते. वर्षातून चार दिवस चालणाऱ्या यंत्रास हा त्रास अधिक. किरकोळ खर्चात यंत्र पूर्ववत् झाले.

धुळ्याचे यंत्र बाहेरून नवेकोरे दिसत होते. पण आत सिलिंडरवर ओरखडे पडले होते आणि दाब गेला होता. टू-स्ट्रोक इंजिनास पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच वंगण. पन्नासास एक हे प्रमाण असेल तर लिटरास २० मिलिलिटर, पंचविसास एक असेल तर ४०; आपल्या यंत्राचे कोणते, ते पुस्तिकेत पाहावे. तेथे कोणीतरी एकदा नुसतेच पेट्रोल ओतले होते. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक होऊ लागला, तेव्हा ते काढून टाकणेच शहाणपणाचे ठरले.

बंधूंनी बॅटरीची करवत घेतली. परसातील बारीक फांद्यांस ती पुरते, आवाज थोडा, तेल-पेट्रोलाची भानगड नाही. मात्र आमच्या खानदेशात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि ह्या बॅटरीस उष्णता मानवत नाही. म्हणून ती पत्र्याच्या खोपीत न ठेवता घरात, गार जागी, अर्धवट भारून ठेवावी. मळ्यात जाड फांद्या आणि विजेचा भरवसा नाही. तेथे पेट्रोलच बरे.

एकाच वयाच्या दोन यंत्रांस असे दोन निराळे न्याय मिळाले. वय पाहू नये. दाब, सुटे भाग आणि कामाचे स्वरूप पाहावे. यंत्र कोणतेही असो, फांदीच्या थेट खाली उभे राहू नये, डोळ्यांस चष्मा व डोक्यास शिरस्त्राण असावे, आणि विजेच्या तारांजवळ दांडा नेऊ नये. तेथील फांद्यांसाठी वीजकंपनीसच कळवावे. पेट्रोलचे यंत्र ठेवून देण्यापूर्वी टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

गोठ्याच्या दारावर मी आता खडूने लिहिले आहे : ‘यंत्र सुरू न झाल्यास काम थांबेल, झाडावर कोणीही चढणार नाही.’ सालदाराने ते वाचले, मनगट चोळले आणि म्हणाला, “गुरुजी, हे आधीच लिहायचं होतं.”